दुधाचेच तर दात

गिरगावातल्या आमच्या चाळीत रात्री मूल रडलं की कुणाचं ते सगळ्या मजल्याला कळायचं, आणि कशासाठी रडतंय तेही कळायचं. भुकेचं रडणं वेगळं, पोटात कळ आल्याचं वेगळं. दाढेचं रडणं मोठं नसतं. ते एका सुरात, दाबून धरल्यासारखं तासन्‌तास चालतं, कारण तोंड उघडलं की हवा लागते आणि ठणका आणखी चढतो. १९७५ ते १९७८ या काळात दुसऱ्या मजल्यावरून तसा आवाज आला की लोक कूस बदलताना म्हणायचे, नंदूची दाढ ठणकतेय.

नंदू माझा धाकटा भाऊ, १९७१च्या दिवाळीतला. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. त्याच्यासारखी मुलं तेव्हा घरोघर होती. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, भावंडांत नाहीतर शेजारी एक तरी पोर पुढचे दात काळे पडून खुंट उरलेलं आठवेलच. अशी मुलं लवकर ओठ मिटून हसायला शिकत. आमच्या मावशीच्या लग्नातला एक फोटो आहे. त्यात आम्ही अकरा भावंडं सतरंजीवर बसलोय आणि त्यातली तीन तोंड घट्ट मिटून बसली आहेत. फोटो बघणारे म्हणतात, किती शहाण्यासारखी बसलीत.

नंदूचं दुखणं सुरू कुठून झालं हे आम्हाला फार उशिरा समजलं. ते बाटलीपासून सुरू झालं होतं.

आजी कोकणातली. तिचं म्हणणं, पोराला बोंडल्याने दूध पाजावं. चांदीचं नाहीतर पितळेचं ते चोचीचं भांडं, मूल मांडीवर आडवं घ्यायचं, एक हात मानेखाली, आणि धार जपून सोडायची. त्याला वेळ लागतो. आईला वेळ नव्हता. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं, पहाटे चारला नळ, त्यानंतर आरेच्या दूधकेंद्रावरची रांग, आमच्या वडिलांची, अण्णांची, पहिली पाळी. रात्री दोनला नंदू उठला की भिंतीपलीकडची माणसं उठायची. म्हणून काचेची बाटली आली. साखर घातलेलं कोमट दूध भरून ती त्याच्या तोंडात दिली की तो झोपायचा, आणि नऊ माणसं झोपायची. बोंडलं मुलाच्या तोंडात ठेवून कुणी झोपू शकत नाही. बाटली ठेवता येते. एवढ्याशा फरकात सगळं होतं, पण ते तेव्हा आजीलाही कळलं नव्हतं. तिचा बाटलीवर राग होता तो रबराच्या वासासाठी.

आणि ती साखर. १९७२चा दुष्काळ आठवून बघा. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली होती, भाकरी थापताना चिरायची. तेल, रॉकेल, साखर, सगळ्याला रांग. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायकांचे मोर्चे काढले, तेव्हा आमच्या चाळीतूनही बायका लाटणी घेऊन गेल्या. आई नंदूला आजीकडे ठेवून गेली होती. त्या दिवसांत घरातली मोठी माणसं गुळाचा चहा प्यायची. गुळाने चहा नासतो म्हणून दूध वेगळं तापवून वरून घालायचं. कार्डावरची साखर एका उभ्या पितळी डब्यात होती. तो डबा आम्हा मोठ्या मुलांनी उघडायचा नाही, ती नंदूच्या दुधाची साखर, असा नियम. मी हे मुद्दाम सांगते आहे. आज एखादी तरुण डॉक्टर लहान मुलाचे किडलेले दात बघून आईला म्हणते, लक्ष कसं दिलं नाहीत? माझ्या आईने लक्षच दिलं होतं. घरातल्या बाकी आठ जणांच्या तोंडची साखर काढून तिने ती एकाच्या तोंडात घातली होती.

झोपेत लाळ कमी सुटते. दुधातली साखर वरच्या पुढच्या दातांवर तशीच साचून राहते, तोंडातले जंतू तिचं आम्ल करतात आणि दाताचं वरचं कवच विरघळत जातं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, म्हणून वाचतात. नंदूचे नेमके तसेच झाले. अडीच वर्षांचा असताना वरच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूच्या रेघेसारखे पांढरे पट्टे उमटले. आजीला वाटलं, दुधाचा थर असेल. तिने फडक्याने पुसून पाहिले. मग पट्टे पिवळे झाले, मग तपकिरी, आणि ज्या दातांनी तो आधी बटाटेवडा चावायचा ते चौथ्या वर्षी चिवडासुद्धा चावेनात.

तेव्हा घरोघर म्हटलं जायचं ते एकच वाक्य आमच्याकडेही म्हटलं गेलं. दुधाचेच तर दात, पडायचेच आहेत.

हे वाक्य आजी म्हणाली, अण्णा म्हणाले, खालच्या मजल्यावरचे डॉक्टरही म्हणाले. ते आमचे सगळ्यांचे डॉक्टर. नंदूची छाती पावसाळाभर घुरघुरायची, त्यासाठी ते लाल मिक्स्चर द्यायचे. तुमच्याही घरी असेल ती बाटली: बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली, कात्रीने दातेरी कापलेली, एका दात्याला एक डोस. ते मिक्स्चर मुलांनी प्यावं म्हणून गोडमिट्ट असायचं आणि शेवटचा डोस झोपताना द्यायचा. वर चूळ भरायला कुणी सांगितलं नाही. झोपलेल्या पोराला चुळीसाठी उठवतं कोण?

दात घासण्याचा सोहळा मात्र आमच्या पिढीइतका रंगतदार कुणाचाच नसेल. गॅलरीच्या टोकाला मोरी, तिथे सकाळी सगळा मजला जमायचा. आजीची राखुंडी तिची स्वतःची. बदामाची टरफलं जाळून, वस्त्रगाळ करून, त्यात मीठ आणि कापूर. आमच्या बोटांना आणि ओठांना तासभर काळं लागलेलं असायचं. शेजारच्या काकांकडे माकड छाप काळं मंजन, पलीकडे विको वज्रदंती, ज्याची जाहिरात सिनेमाआधी लागली की थिएटरभर पोरं सुरात सूर मिसळायची. आणि अण्णांच्या पगाराच्या आठवड्यात बिनाका. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची गीतमाला ज्या बिनाकाच्या नावाने लागायची, तीच. तिच्या खोक्यातून प्लास्टिकचं इवलंसं जनावर निघायचं. जिराफ, पाणघोडा, कांगारू. आमच्याकडे पोह्यांच्या जुन्या डब्यात ती होती, आणि नवीन ट्यूब उघडताना खोक्यात बोट घालायचा मान नंदूचा. जनावरं जमवायची म्हणून तो दिवसातून तीनदा दात घासायला तयार असायचा. ट्यूब लवकर संपावी हा हेतू. पण घासायचा तो पुढचे दात. दाढांपर्यंत त्याचं बोट पोचतच नव्हतं, आणि आम्हा कुणाला तिथे बघायचं सुचलं नाही.

कीड दाढांत गेली ती १९७५च्या पावसाळ्यात. मग रात्री सुरू झाल्या.

आमच्या पिढीच्या घरांना दाढदुखीच्या रात्रीचा क्रम पाठ होता. आधी मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. मग लवंग. आजी पोळपाटावर लवंग ठेवायची, तिचं डोकं बोटाने चिरडायची, कापसाच्या वातीत गुंडाळायची आणि स्वतःच्या तोंडात धरून ओली करून मग ती वात नंदूच्या दाढेत बसवायची. लवंगेने जीभ चरचरते, पण पाचेक मिनिटांत दाढ बधिर होते. त्या पाच मिनिटांत अण्णा त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीतून फेऱ्या मारायचे. चाळीचे सतरा दरवाजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अण्णांचा एक पाय किंचित ओढत टाकला जायचा, त्यामुळे झोपेतही मला कळायचं की ते आता कुठल्या दारापाशी आहेत. पहाटे चारला नळ आला की आई त्यांच्या हातून नंदूला घ्यायची आणि अण्णा तोंड धुऊन कामावर जायचे.

उपाय पुष्कळ झाले. शेजारणीने सांगितलं म्हणून डोकेदुखीची गोळी फोडून दाढेशी दाबली. सकाळी गाल आतून पांढरा फटक भाजलेला. सुजलेल्या गालावर तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेक दिला, आणि सूज डोळ्यापर्यंत चढली. हे दोन्ही करू नये हे आता कळतं. मामाच्या गावी तर भुईरिंगणीच्या बियांची धुरी दिली. निखाऱ्यावर बी टाकायचं, वर नळी धरून धूर दाढेत घ्यायचा, आणि समोर पाण्याच्या वाटीत दातातले किडे पडतात म्हणून दाखवायचे. पांढरं, अळीसारखं काहीतरी खरोखर पडलं. मामी म्हणाली, बघा किती होते. दाताच्या किडीत असा किडा नसतो. तो तापलेल्या बियांतून निघालेला कोंब असतो. पण त्या संध्याकाळी नंदू वाटीत बघत राहिला आणि नंतर कित्येक महिने झोपताना गालावर हात ठेवून मला विचारायचा, ताई, आता किती उरलेत?

१९७६ साली, नंदू साडेचार वर्षांचा असताना, एका दंतवैद्याकडे नेलं. त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं, डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा किडल्या आहेत म्हणाले आणि त्याच दिवशी दोन्ही काढल्या. अण्णांनी विचारलं, भरता नाही का येणार? ते म्हणाले, दुधाचेच तर दात. कशाला पैसे घालवता? आम्हाला पटलं. आम्हालाही तेच वाक्य येत होतं ना. ठणका थांबला म्हणून आईने त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली आणि ती चिमूटभर साखर प्रसाद म्हणून नंदूच्याच तोंडात पडली.

मग उजवी बाजू उठली. १९७७च्या उन्हाळ्यात गाल इतका सुजला की डोळा मिटला, ताप चढला. या वेळी चाळीतल्याच एका परिचारिकाबाईंनी आईचा हात धरून सांगितलं, नायरच्या दंत महाविद्यालयात घेऊन जा, मुंबई सेंट्रलला, महापालिकेचं आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढ.

सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेले. आजीही आली, कारण नंदूने तिचा पदर सोडला नाही. लांबच लांब खोली, खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशी पांढऱ्या कोटातला विद्यार्थी आणि मागून फिरणारे शिक्षक. यंत्रांच्या दोऱ्या कप्प्यांवरून घरंगळत आवाज करायच्या. आजी दारातच थबकली. तिने हवा हुंगली आणि एकदम धीर आल्यासारखी नंदूला म्हणाली, अरे, ही तर आपली लवंग! खरंच होतं. दातात तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात लवंगेच्या तेलातला अर्क असतो, आणि त्या सगळ्या खोलीला तोच वास होता. नंदू खुर्चीत बसला तो त्या वासाच्या भरवशावर.

आम्हाला मिळालेली विद्यार्थिनी वीस-एकवीस वर्षांची असेल. तिने आरशाने एकेक दात पाहिला आणि पेन्सिलीने कागदावर खुणा केल्या. मग तिच्या शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी आईला स्टुलावर बसवलं आणि प्लास्टरचा एक जबडा हातात दिला. त्यांनी जे सांगितलं ते घरात त्यापूर्वी कुणीच सांगितलं नव्हतं. दुधाचे दात वीस. त्यातले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. त्यांच्या खाली पक्के दात तयार होत असतात आणि वरच्या दुधाच्या दाढा त्यांची जागा राखतात. दाढ आधीच काढली की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलंडतात आणि खालून येणाऱ्याला वाट उरत नाही. आणखी एक. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कुठलाच दात न पडता येते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते. ती किडली तर दुसरी मिळत नाही. बाईंनी नंदूच्या हिरडीवर माझं बोट ठेवलं. मागे कोपऱ्यात, हिरडीतून टोकदार काहीतरी वर येत होतं. मला वाटतं, मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडात नीट पाहिलं ते तेव्हा.

आई सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने डाव्या बाजूच्या रिकाम्या हिरडीकडे बोट करून विचारलं, म्हणजे या काढायला नको होत्या? बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, आता उरलेल्या वाचवू. घरी येताना बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. दोघी बोलल्या नाहीत.

दर शनिवारी आम्ही जायला लागलो ते दीड वर्ष. गळू झालेल्या तीन दाढा काढाव्याच लागल्या. उरलेल्या तीन वाचल्या. त्यांत चांदी भरली. चांदी म्हणायचे सगळे. पाऱ्यात चांदीची भुकटी खलून केलेला तो लगदा. विद्यार्थिनी छोट्याशा काचेच्या खलात तो घोटायची, मग कापडात घालून पिळायची, आणि कापडातून पाऱ्याचा एक चमकता थेंब सुटायचा. नंदू ते बघायला खुर्चीत पुढे वाकायचा. एकदा तिने तो थेंब त्याला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून दिला. आज कुणी देणार नाही आणि देऊही नये, पण सगळी चाळ तो थेंब बघून गेली. डाव्या बाजूला त्यांनी मागच्या नव्या दाढेला पोलादी कडं बसवलं आणि त्यातून तारेची एक कमान पुढच्या दातापर्यंत आणली, जागा धरून ठेवायला. दाढ काढल्यापासून गेलेल्या वर्षाने थोडी जागा खाल्लीच होती. जी राहिली ती त्या तारेने राखली.

घरात काय बदललं, तर बाटली तोवर गेलीच होती, पण तिची जागा घेतलेल्या सगळ्या गोष्टी गेल्या. रावळगावच्या गोळ्या आजी पदराच्या गाठीत ठेवायची, त्या गाठीत आता खारे दाणे आले. लिमलेटच्या गोळ्या देणाऱ्या वाण्याला आजीने स्वतः जाऊन सांगितलं की आमच्या पोराला द्यायच्या नाहीत. रात्री झोपण्याआधी अण्णा नंदूला मांडीवर आडवं घ्यायचे, अगदी बोंडल्याने दूध पाजताना घेतात तसं, एक हात मानेखाली, आणि दिव्याकडे तोंड करून ब्रशने एकेक दाढ घासायचे. आजी शेजारी बसून सांगायची, डावीकडची राहिली. ज्या घरात साखरेचा डबा नंदूसाठी राखला होता, त्या घरात आता त्याला सोडून सगळे साखरेचा चहा प्यायचे आणि तो बिनसाखरेचं दूध. तो रुसायचा. आजीला ते बघवायचं नाही. ती उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची, पण तिने त्याला साखर दिली नाही. तिच्यासारख्या बाईने हे किती कष्टाने केलं असेल ते तिच्या पिढीला ओळखणाऱ्यालाच कळेल. लेकराच्या हातावर गोड ठेवायचं नाही, तर मग द्यायचं काय?

नंदूचे पक्के दात काही सरळ आले नाहीत. डाव्या बाजूची एक उपदाढ आतल्या बाजूला गेली, दुसरीवर तपकिरी डाग आहे. दुधाच्या दाढेला गळू झालेलं असलं की तिच्याखाली तयार होणाऱ्या पक्क्या दातावर तशी खूण राहते. पण सहाव्या वर्षीच्या चारही दाढा आज त्याच्या तोंडात शाबूत आहेत.

१९८३ साली कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला, त्यानंतरच्या आठवड्यात चांदी भरलेली शेवटची दाढ हलायला लागली. ती जिभेने चाळवू नकोस, नवा दात वाकडा येईल, असं आजी बजावत राहिली, तिच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. चौथ्या दिवशी आमटीभात खाताना ती दाढ आपणहून निघून त्याच्या हातात आली. इतक्या वर्षांत त्याची आपणहून पडलेली ती तिसरीच दाढ, आणि तिच्या रिकाम्या जागी खाली पांढरं टोक दिसत होतं. आजीने ती धुतली, तळहातावर घेऊन उजेडाकडे वळवून पाहिली. मधोमध चांदी अजून तशीच होती. मग उंदीरमामाला द्यायची म्हणून ती नंदूकडे दिली. तो बारा वर्षांचा व्हायला आला होता, या गोष्टी त्याला लहान मुलांच्या वाटायच्या, तरी आजीसाठी तो गॅलरीत गेला. पाऊस नुकता उघडला होता. त्याने दाढ समोरच्या बैठ्या कौलांवर फेकली. चांदीच्या वजनाने ती कौलावर टण्णकन वाजली, घरंगळत पन्हळीत गेली आणि पाण्याबरोबर दिसेनाशी झाली. आजी आतून म्हणाली, पोचली का रे?